भरलेले कान

१९४६ सालच्या जून महिन्यातील १० तारीख, सोमवारचा दिवस. दुसरे महायुद्ध संपून अद्याप वर्षही लोटले नव्हते. अमेरिकेतील घरोघरी शाळकरी मुले संध्याकाळी नेहमीप्रमाणे रेडिओच्या पेटीभोवती कोंडाळे करून बसली होती. दूरचित्रवाणी त्या काळी फारच थोड्या घरांत पोहोचली होती. मुलांचे साहसाचे सारे विश्व त्या लाकडी पेटीतून, कानांच्या वाटेने मनात शिरत असे. वाऱ्याचा सूंसूं असा आवाज आला, की आपला लाडका वीर आकाशात झेपावला हे त्यांना सांगावे लागत नसे. त्या संध्याकाळी ‘सुपरमॅनची साहसे’ या नभोनाट्यमालेत एक नवी कथा सुरू झाली. ती रोज पंधरा मिनिटांप्रमाणे, शनिवार-रविवार वगळून, १ जुलैपर्यंत चालली आणि सोळा भागांत पुरी झाली. तिचे नाव होते ‘जळत्या क्रूसाची टोळी’.

सुपरमॅन हे नाव आज सर्वांच्या परिचयाचे आहे. क्लीव्हलँड शहरातील जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी त्याला जन्म दिला, आणि १९३८ साली ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो वाचकांसमोर आला. सीगल आणि शूस्टर हे दोघेही युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतील मुलगे. त्यांचा नायकही परका, दुसऱ्या ग्रहावरून पृथ्वीवर येऊन पडलेला आणि एका साध्या शेतकरी कुटुंबात वाढलेला. १२ फेब्रुवारी १९४० पासून तो रेडिओवर बोलू लागला. बड कॉलियर हा नट क्लार्क केंट या बुजऱ्या वार्ताहराची आणि सुपरमॅनची अशी दोन्ही कामे करी. केंटचे बोलणे उंच स्वरात असे, आणि सुपरमॅन प्रकट होताना तोच आवाज एकदम खाली, खर्जात उतरे. त्या एका उतारासाठी मुले दिवसभर वाट पाहत. ‘डेली प्लॅनेट’ वृत्तपत्राचा तापट संपादक पेरी व्हाइट आणि उत्साही पोरगा जिमी ओल्सन ही पात्रे मुळात या नभोनाट्याचीच देणगी होत. सुपरमॅनला दुर्बळ करणारे ‘क्रिप्टोनाइट’ हे द्रव्यसुद्धा प्रथम १९४३ साली रेडिओवरच अवतरले, आणि मागाहून चित्रकथांत गेले.

अशा वीरांच्या कथांतून दुसऱ्याच्या मनावर ताबा मिळवणारे खलपुरुष पुष्कळ भेटतात. कोणाजवळ चमत्कारिक यंत्र असते, कोणी नजरेने भुलवतो, तर कोणी एखादे औषध पाजून माणसाला कळसूत्री बाहुलीसारखा नाचवतो. वाचणाऱ्याला अंगावर काटा आणणारी गंमत वाटते, आणि पुस्तक मिटले की भीतीही मिटते; कारण असे यंत्र आपल्या आळीत कोणाच्याही घरी नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. ‘जळत्या क्रूसाच्या टोळी’त मात्र यंत्र नाही, औषध नाही, मंत्रतंत्रही नाही. तेथे एक मुलगा आहे, त्याला झालेली एक लहानशी जखम आहे आणि त्याच्या घरातला एक काका आहे. एवढ्या सामग्रीवर एका मनाचा ताबा घेतला जातो. यंत्राच्या गोष्टींहून ही गोष्ट अधिक भयंकर आहे, ती यामुळेच.

मेट्रोपोलिस नगरात ‘युनिटी हाउस’ नावाची एक संस्था आहे. या नावाचा अर्थच मुळी एकोप्याचे घर. तेथील मुलांचा बेसबॉलचा संघ जिमी ओल्सन सांभाळतो. बेसबॉल हा अमेरिकेतील मुलांचा जीव की प्राण. आपल्या क्रिकेटशी त्याचे लांबचे नाते सांगता येईल. त्यात चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि संघाचा सारा मान त्याच्याकडे असतो. हा मान चक रिग्ज नावाच्या मुलाकडे होता. इतक्यात टॉमी ली नावाचा एक चिनी वंशाचा मुलगा संघात येतो. त्याचे वडील डॉक्टर ली हे जंतुशास्त्राचे जाणकार असून नगराच्या आरोग्य खात्यात त्यांची नेमणूक झालेली आहे. टॉमी चकपेक्षा सरस चेंडू फेकतो, आणि जिमी चकची जागा त्याला देतो. कानामागून आला आणि तिखट झाला, असे चकला वाटले तर त्यात नवल नाही.

एके दिवशी सराव चालू असतो. चक हातात बॅट घेऊन चेंडूच्या वाटेत नको तितका पुढे सरकून उभा राहतो, आणि टॉमीने फेकलेला चेंडू त्याला लागतो. चूक कोणाची, हे मैदानावरील प्रत्येकाने पाहिलेले असते. परंतु वेदनेपेक्षा अपमान अधिक झोंबतो. चक संतापून टॉमीच्या अंगावर धावून जातो, आणि जिमी त्याला मैदानाबाहेर काढतो. येथवर जे घडले, ते कोणत्याही शाळेच्या कोणत्याही मैदानावर दर आठवड्याला घडते. दुसऱ्या दिवशी राग निवळला असता. कदाचित चक आणि टॉमी यांची गट्टीही जमली असती. खेळातील भांडणांचे आयुष्य असे किती असते?

पण चक घरी जातो, आणि घरी मॅट काका असतो.

पुतण्या हिरमुसलेला पाहून काका त्याची विचारपूस करतो. त्या दिवसात चकची बाजू ऐकून घेणारा तोच पहिला माणूस. ही गोष्ट बारकाईने ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्याला दुसऱ्याच्या मनात शिरायचे असते, तो प्रथम दार ठोठावतो ते सहानुभूतीने. मग काका हळूहळू त्या घटनेचा अर्थ बदलू लागतो. चेंडू लागला हा अपघात नव्हताच, तो मुद्दाम मारलेला होता. चकची जागा कायमची बळकावता यावी म्हणून मारलेला होता. चकला हे ऐकताच बरे वाटते. कारण ‘मी फार पुढे उभा राहिलो’ हे स्वतःशी कबूल करण्यापेक्षा ‘त्याने मला मुद्दाम मारले’ हे मानणे किती सोपे! जे औषध कडू नाही, ते रोगी आनंदाने घेतो.

पुढची पायरी याहून धूर्तपणाची आहे. आतापर्यंत बोलणे एका टॉमीविषयी चालले होते; आता ते ‘असल्या लोकां’विषयी सुरू होते. ज्यांचा वर्ण आपल्यासारखा नाही, ज्यांचे पूर्वज आपल्या पूर्वजांच्या देशातून आले नाहीत, ते सगळेच असे असतात, असे काका सांगतो. आज यांनी पोराची संघातली जागा घेतली, उद्या यांचे बाप मोठ्यांच्या नोकऱ्या घेतील. एका चेंडूच्या फटक्यापासून सबंध मानवजातीच्या निवाड्यापर्यंतची ही उडी सुपरमॅनच्या कोणत्याही उड्डाणाहून लांबची आहे. चकच्या ते लक्षातही येत नाही, कारण प्रत्येक पाऊल लहान असते आणि बोट धरलेले असते ते घरच्या माणसाने.

आपल्या भाषेत यास ‘कान भरणे’ असे नाव आहे, आणि ते मोठे नेमके नाव आहे. भांडे भरावे तसे कान भरतात. भरलेल्या भांड्यात दुसरे काही मावत नाही. रामायणात मंथरेने कैकेयीचे कान भरले. मंथरा काही शत्रूच्या गोटातून आलेली नव्हती. ती माहेरची जुनी दासी होती, आणि म्हणूनच तिचे बोलणे खरे वाटले. परक्याने सांगितलेले खोटे आपण पारखून घेतो. आपल्या माणसाने सांगितलेले खोटे पारखण्याचे मनातही येत नाही. मॅट रिग्जला हे पक्के ठाऊक आहे. पुतण्याचा विश्वास हेच त्याचे यंत्र.

काका चकला एका गुप्त सभेत घेऊन जातो. तेथे झगे घातलेली, चेहरे झाकलेली माणसे जमलेली असतात. हीच ती जळत्या क्रूसाची टोळी, आणि या शाखेचा प्रमुख खुद्द मॅट काका! टोळीत त्याला ‘ग्रँड स्कॉर्पियन’, म्हणजे महाविंचू, असा किताब आहे. असे किताब ऐकून हसू येते खरे. परंतु अंधारात, मुखवट्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या एका पोराला ते हसण्यासारखे वाटत नाहीत. त्याला वाटते, एवढी सगळी मोठी माणसे आपल्या जखमेची दखल घेण्यासाठी जमली आहेत. आणि जे पाहिले, ते बाहेर कोणालाही सांगायचे नाही! या गुप्ततेतच खरी मेख आहे. चकने मनातील गोष्ट जिमीपाशी बोलून दाखवली असती, तर जिमीने ती एका क्षणात हसण्यावारी नेली असती. पण जी गोष्ट उजेडात आणता येत नाही, ती खरी की खोटी याची परीक्षाच होऊ शकत नाही.

त्यानंतर ली कुटुंबाच्या अंगणात रात्री एक मोठा लाकडी क्रूस पेटवला जातो. या शहरातून चालते व्हा, असा त्याचा अर्थ. ज्वाळांचा उजेड खिडकीत पडतो, त्या वेळी घरातील माणसांना काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. दमदाटीने काम होत नाही असे पाहून टोळी टॉमीला पळवून नेते. त्याच्या हाताचे हाड मोडते. जीव वाचवण्यासाठी तो नदीत उडी घेतो. आणि तो बुडण्याच्या बेतात असताना सुपरमॅन येऊन त्याला बाहेर काढतो. रेडिओभोवती बसलेल्या मुलांनी तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

टॉमीसारख्या मुलाला कथेचा एक नायक करणे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. १८८२ साली अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात येण्याची बंदी घातली होती. तो कायदा १९४३ साली रद्द झाला खरा, परंतु त्यानंतरही चिनी लोकांना वर्षाकाठी केवळ १०५ जागा ठेवण्यात आल्या. म्हणजे हे नभोनाट्य प्रसारित झाले, तेव्हा ती बंदी उठून पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. शिवाय या कार्यक्रमाचा खर्च केलॉग कंपनी करत असे. ‘पेप’ नावाचे गव्हाचे तयार पोहे न्याहारीसाठी खपावेत, हा तिचा हेतू. गिऱ्हाइके दुखावतील म्हणून मालाचा व्यापारी अशा विषयापासून सामान्यतः चार हात दूर राहतो. येथे तसे झाले नाही, ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

आता या कथेतील खरी अडचण पाहावी. सुपरमॅनला बंदुकीची गोळी लागत नाही. आगगाडी तो हाताने थोपवतो. भिंतीपलीकडचे त्याला दिसते. नदीत बुडणाऱ्या टॉमीला वर काढणे म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. परंतु चकच्या मनात काकाने जे भरून ठेवले आहे, ते त्याला उपसून काढता येत नाही. पोलादी मूठ भिंत फोडू शकते, समजूत फोडू शकत नाही. नाटककारांनी हा पेच टाळला नाही, याबद्दल त्यांना दाद द्यावी लागेल. चकचे डोळे उघडतात, ते सुपरमॅनच्या सामर्थ्याने नव्हे. टॉमीचे काय होऊ घातले होते, ते त्याला कळते. टोळीचे भय बाळगायचे नाही, असे ठरवून पेरी व्हाइट आपल्या पत्रातून तिच्याविरुद्ध उभा राहतो, तेव्हा टोळी त्याला आणि जिमीलाही पळवून नेते. ज्या जिमीने आपल्याला इतके दिवस संघात खेळवले, त्याच्याच जिवावर बेतलेले चक पाहतो. एका बाजूला घरचा काका, दुसऱ्या बाजूला खेळगडी. काकाने ज्या विश्वासाचा उपयोग करून घेतला, तोच विश्वास आता मोडायचा की पाळायचा?

मोठ्यांनाही हा प्रश्न सोपा नसतो. चक तर शाळकरी पोर. मौन पाळणे म्हणजे निष्ठा, असे त्याला शिकवलेले. त्या मौनामुळे माणसे मरणार, हे त्याला दिसत असते. अखेरीस तो मौन सोडतो आणि टोळीच्या विरुद्ध उभा राहतो. सोळा भागांत सुपरमॅनने केलेली सगळी साहसे एका पारड्यात टाकली, तरी हे पारडे जड भरेल.

कथा येथे थांबली असती, तरी ती पुरी वाटली असती. परंतु तिचा सर्वांत चतुर भाग पुढेच आहे. डाव फसलेला मॅट रिग्ज आपल्या वरिष्ठाकडे, साऱ्या टोळीच्या मुख्य सूत्रधाराकडे जातो. त्याला वाटत असते, आपल्या धन्याला आपली तळमळ कळेल; ज्या पवित्र कार्यासाठी आपण एवढे केले, त्याबद्दल तो आपल्या पाठीवर थाप मारील. घडते ते उलटेच. सूत्रधार हा एक थंड डोक्याचा व्यापारी निघतो. तो रिग्जची कीव करतो. वर्णाच्या आणि वंशाच्या ज्या गोष्टी आपण सभांतून सांगतो, त्या तू खरोखरच खऱ्या मानल्यास की काय, असे तो त्याला विचारतो. त्याच्या दृष्टीने टोळी म्हणजे एक दुकान. वर्गणी जमवायची, झगे विकायचे आणि नफा मोजायचा. द्वेष हा त्या दुकानातला माल, आणि रिग्जसारखी माणसे म्हणजे माल घेणारी भोळी गिऱ्हाइके.

रिग्ज अवाक् होतो. पुतण्याच्या मनाचा ताबा घेणाऱ्या माणसाच्या मनाचा ताबा कधीच दुसऱ्या कोणी घेतलेला होता! ज्याने चकचा विश्वासघात केला, त्याचाही विश्वासघात झालेला होता. दोरी ओढणारा स्वतःच दोरीला बांधलेला. एवढे समजूनही रिग्ज सुधारत नाही, ही या कथेतील सर्वांत कडवट आणि सर्वांत खरी गोष्ट म्हटली पाहिजे. ज्या समजुतीवर सारे आयुष्य उभे केले, ती खोटी आहे असे तिच्या निर्मात्यानेच सांगितले, तरी ती सोडवत नाही. चक कोवळा होता, तो वळला. काका निबर झालेला होता, तो वळला नाही.

ही टोळी कल्पित असली, तरी ती कोणावरून बेतली होती, हे त्या वेळच्या प्रत्येक मोठ्या श्रोत्याने ओळखले. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि गुलामगिरी नष्ट झाली. त्यानंतर लवकरच दक्षिणेकडील राज्यांत ‘कू क्लक्स क्लॅन’ नावाची गुप्त संघटना निघाली. नव्याने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना दहशतीत ठेवणे हा तिचा उद्देश. ती काही वर्षांनी मोडली; मग १९१५ साली जॉर्जिया राज्यात ती पुन्हा उभी राहिली, आणि या दुसऱ्या अवतारात ज्यू, कॅथलिक व परदेशांतून आलेले लोक हेही तिच्या द्वेषाचे धनी झाले. पुढच्या दहा वर्षांत तिच्या सभासदांची संख्या लाखांच्या घरात गेली. प्रमुखाचा किताब ‘इम्पीरियल विझर्ड’, म्हणजे शाही जादूगार! नाटकातील महाविंचू हा काही लेखकांनी फार ओढूनताणून आणला नव्हता.

नाटकातील हिशेबही खोटा नव्हता. १९२०च्या सुमारास या संघटनेत शिरणाऱ्या प्रत्येकाला १० डॉलर भरावे लागत, आणि त्यांतील ४ डॉलर त्याला भरती करणाऱ्या हस्तकाच्या खिशात जात. जितकी भीती अधिक पसरवावी, तितके सभासद अधिक. जितके सभासद अधिक, तितकी दलाली अधिक. झग्यांच्या विक्रीचा नफा निराळाच. पुढे १९४४ साली सरकारने थकलेल्या करापोटी साडेसहा लाखांहून अधिक डॉलरांची मागणी केली, तेव्हा संघटनेला आपले दुकान मिटावे लागले. ज्यांना नीतीच्या उपदेशांनी आवरता आले नाही, त्यांना करवसुली करणाऱ्या कारकुनांनी आवरले, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु १९४६ साली जॉर्जियात तिचे निखारे पुन्हा फुलू लागले होते. नेमक्या त्याच वर्षी सुपरमॅनचे हे नभोनाट्य आले.

या नभोनाट्यासंबंधी पुढे एक मोठी रंजक हकिकत पसरली. स्टेट्सन केनेडी नावाच्या एका धाडसी लेखकाने क्लॅनच्या सभांत वेषांतर करून प्रवेश मिळवला होता. तेथील परवलीचे शब्द आणि गुप्त खुणा आपण नाटककारांना पुरवल्या, त्या रेडिओवरून जाहीर झाल्या आणि रस्त्यात खेळणारी पोरे तेच शब्द एकमेकांना फेकून चिडवू लागली, असे त्याने सांगितले. आपल्या घोर शपथांचा पोरखेळ झालेला पाहून क्लॅनचे सभासद शरमले, अशी ती हकिकत. २००५ साली स्टीव्हन लेव्हिट आणि स्टीफन डब्नर यांनी आपल्या ‘फ्रीकॉनॉमिक्स’ या गाजलेल्या पुस्तकात ती सांगितली, आणि ती जगभर पसरली.

मात्र त्यानंतर जुनी कागदपत्रे तपासली गेली, तेव्हा केनेडीच्या लिखाणातील काही साहसे त्याची स्वतःची नसून दुसऱ्या एका गुप्त खबऱ्याची असावीत, असे दिसू लागले. लेव्हिट आणि डब्नर यांनी दडवादडव केली नाही. २००६ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहून, आपण ज्या हकिकतीवर विसंबलो ती जशीच्या तशी खरी मानता येत नाही, असे त्यांनी वाचकांना सांगितले. केनेडी २०११ साली वारला. त्याने वर्णद्वेषाविरुद्ध आयुष्यभर झुंज दिली, याविषयी वाद नाही. आणि हे नभोनाट्य खरोखर झाले, हेही निर्विवाद, कारण त्याची ध्वनिमुद्रणे आजही ऐकावयास मिळतात. परवलीच्या शब्दांची गोष्ट तेवढी संशयास्पद ठरली. ती इतकी गोड होती, की चांगल्या, शहाण्या लोकांनी ती न तपासता मानली. चांगल्या बाजूच्या माणसांनाही कान असतातच!

नाटकाने क्लॅनचा पराभव केला, असेही म्हणता येणार नाही. अशा संघटना एका कार्यक्रमाने नाहीशा होत नाहीत. पण त्या तीन आठवड्यांत असंख्य मुलांनी एका पोराचे कान कसे भरले जातात, ते आपल्या कानांनी ऐकले. त्यांतील कोणाच्या घरी असा एखादा मॅट काका असेलच. त्याने पुढे तोंड उघडले असेल, तेव्हा ते बोलणे आपण पूर्वी कोठेतरी ऐकले आहे, असे त्या मुलाला वाटले असेल काय?

ही कथा विस्मरणात गेली नाही. २०१९ ते २०२० या काळात जीन लुएन यांग या लेखकाने आणि गुरिहिरू या जपानी चित्रकार जोडीने ती तीन भागांच्या चित्रकथेच्या रूपाने नव्याने सांगितली. यांग हे स्वतः चिनी वंशाच्या, परदेशातून येऊन अमेरिकेत स्थिरावलेल्या आईबापांचे पुत्र. काळ त्यांनी १९४६चाच ठेवला. चक, टॉमी आणि मॅट काकाही ठेवले. टॉमीची बहीण रॉबर्टा हिला मात्र कथेत मोठे स्थान दिले. शिवाय सुपरमॅनमध्ये त्यांनी एक बदल केला. हा सुपरमॅन आरंभी उडतच नाही. तो विजेच्या तारांवरून धावतो आणि लांब उड्या घेतो. उडण्याची शक्ती त्याच्या अंगी असते. पण आपण उडालो तर आपण येथले नाही, दुसऱ्या ग्रहावरचे आहोत, हे लोकांच्या ध्यानात येईल, याची त्याला धास्ती असते. आपले परकेपण लपवायला त्याला कोणत्याही टोळीने धमकावलेले नसते. ते त्याने लहानपणापासून आपणच शिकून घेतलेले असते. कथा पुढे जाते, आणि एके क्षणी तो तारांवरचा पाय उचलतो आणि सर्वांच्या देखत वर जाऊ लागतो.